हळू बोल

म्हार्दोळच्या घरात सून आली तेव्हा
ताटात तांदूळ पसरले, लेकाच्या हाती अंगठी दिली.
तो म्हणाला, नाव बदलायचं नाही, आई.
केतुत म्हणजे चौथी. बालीत
लेकरं मोजूनच हाका मारतात,
पाचवं झालं की पुन्हा पहिल्यापासून.
मग तांदळात त्याने केतुतच लिहिलं.
दुसऱ्या दिवशी मी त्याची पेज केली.

जहाजावर तो ताटं वाढायचा, ती चादरी बदलायची.
त्यापुढचं मी विचारलं नाही.

सकाळी मी आबोलीचे वळेसर ओवते,
ती माडाच्या कोवळ्या पातीची इवली टोपली विणते.
पांढरं फूल पूर्वेला, तांबडं दक्षिणेला,
पश्चिमेला पिवळं, उत्तरेला
कुंपणावरची गोकर्ण.
आणि एवढं करून ठेवते कुठे, तर उंबऱ्याबाहेर भुईवर!
कोंबडीने टोच मारली तेव्हा मी ओरडले,
अगं, देवाचं ते!
ती हसली. देऊन झालं, म्हणाली.

भात उतरला की केळीच्या पानाचे तुकडे,
त्यावर चार चार शितं:
चुलीला, घागरीला, विहिरीच्या काठाला.
आमचे हे ताटाभोवती चित्राहुती घालायचे,
ते आठवून मी गप्प बसते.

फाल्गुनात तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं,
मग फोनमध्ये तिच्याकडचं दाखवलं.
शके तेच. आकडा तोच.
एवढा समुद्र ओलांडून
एकसुद्धा वर्ष सांडलं नव्हतं.
यंदा तर दिवसही एकच.

फक्त तिचा पाडवा मुका.
विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही,
घराबाहेर पाऊल नाही.
आमचा नरकासुर दिवाळीत जळतो,
त्यांचे राक्षस आदल्या रात्री नाचवून जाळतात,
आणि जे उरतात
त्यांना सकाळी वरून गाव ओसाड दिसावं,
इथे कोणी नाही म्हणून पुढे जावेत.

मी गुढी उजाडायच्या आधीच उभारली.
नारळाच्या रसातल्या शेवया रात्रीच करून ठेवल्या होत्या,
त्या गारच खाल्ल्या.
देवापुढची समई तेवढी
तिने हात जोडून राहू दिली.

तिन्हीसांजेला शेजारची चंद्रावती दारात.
ना धूर, ना दिवा, ना भांड्याचा आवाज.
घाबरून विचारलं,
कोण गेलं गे?

कोणी नाही, म्हटलं.
नवं वर्ष आलंय.
हळू बोल.