सतरा नंबरची

ड्युनेडिनच्या चढावर, विद्यापीठाच्या तळघरात
खिडकी नाही.
दिवस बारा तासांचा; भिंतीवरचं घड्याळ
तो लावतं आणि मालवतं.
नायरी टेट दारातच थांबते, पाचवा महिना:
लाकडाचा भुसा, तापलेलं प्लास्टिक, मूत,
आणि तीन खोल्यांपलीकडे
काल कुणीतरी सोललेलं संत्रं.

सकाळी नवऱ्याचा स्वेटर तिने
धुवायला टाकला नाही, अंगणात भिरकावला.
कॉफीचा डबा कपाटावर, हात पोचणार नाही असा.
आपण याला डोहाळे म्हणतो,
दोन हृदयांतून आलेला शब्द.
नायरीच्या भाषेतल्या शब्दात
नुसती भूक आहे.

उंदरी गाभण राहिली
की मेंदूतल्या पोकळीच्या काठाशी
नव्या पेशी जन्मतात
आणि एकीमागून एक निघतात
नाकाच्या दिशेने.
पिल्लं यायच्या आधी
त्यांचा वास ओळखणारं कुणीतरी
तिथे पोचलेलं असावं म्हणून.
एक घर पोटात,
दुसरं कपाळामागे.

जी अजून व्यायलीच नाही
तिच्यासमोर परकं पिल्लू ठेवा:
नाक मुरडते, कडेकडेने निघून जाते,
क्वचित चावतेही.
तीच, तीन आठवड्यांनी,
त्याच ओल्या उग्र वासाकडे धावते,
दात आहेत हे विसरून तोंडात धरते
आणि एकेक घरट्यात आणते.

सतरा नंबरला औषध दिलं होतं,
त्या पेशी जन्मू नयेत असं.
कारण वहीत आहे, आणि ते खरंही आहे:
एखादी गोष्ट काय करते हे कळायला
ती काढून बघावी लागते.
डॉक्टर फार्कर हे सांगतात
तेव्हा आवाज फार हळू करतात.

आज सतराच्या पिंजऱ्यात सहा पिल्लं,
शेंगदाण्याएवढी, मिटल्या डोळ्यांची,
भुशावर विखुरलेली.
आई पाणी पिते. मिशा पुसते.
त्यांच्यावरून जाते,
आपण दारातल्या चपलांवरून जातो तशी.
पंधरा मिनिटं बघायचं,
हात घालायचा नाही.

साउथलंडला बापाच्या मेंढ्या होत्या.
मेलेल्या कोकराचं कातडं सोलून
तो पोरक्या कोकराला चढवायचा,
चार भोकांतून चार पाय.
मेंढी हुंगायची.
पुन्हा हुंगायची.
मग आचळाशी येऊ द्यायची.
आठ वर्षांची नायरी शेडमागे जाऊन ओकली होती.
'फसवलं नाही गं,' बाप सुरी पुसत म्हणाला,
'ओळख करून दिली.'

नववं मिनिट.
नायरी हातमोजा काढते.
घरट्यातला कापूस, आईच्या अंगाखालचा,
बोटांवर चोळते,
मग एकेका पिल्लाच्या पाठीवर.
सहावं गार आहे. तेही ठेवते.

आई येते. हुंगते.
नायरीच्या पोटात आतून ढुशी बसते,
ती काही उत्तर नव्हे.
आई अंग टाकते: पिल्लांवर, की पिल्लांशेजारी,
काचेबाहेरून ठरवता येत नाही.

वहीत ती लिहिते:
'नवव्या मिनिटाला हस्तक्षेप. निकाल धरू नये.'
उद्या फार्कर सतरावर
पट्टी ठेवून सरळ रेघ मारतील.
पुढे सतराचं काय होतं
हे नायरीला माहीत आहे,
ती ते लिहीत नाही.

संध्याकाळी अंगणात स्वेटर तसाच,
दवाने जड झालेला.
ती उचलते, नाकाशी नेते:
लोकर, माती, डिझेल,
आणि खाली, खूप खाली, लॉकलन.
अजून नाही सोसत.
दोरीवर टाकते, चिमटा लावते,
आणि आत जाण्याआधी
पुन्हा एकदा हुंगून बघते.