जेर

सोहारला, बंदराच्या रस्त्यावर, टायरवाल्याच्या वर
आमचं लेबलांचं दुकान.
पिंपांना, पोत्यांना, टाक्यांना जे जे चिकटतं
ते आम्ही छापतो.

बुधवारी प्रयोगशाळेतून लुबना अल-बलूशी आली.
नमुन्यावर नख टेकवून म्हणाली,
हा आकडा खाली हवा.
हा कंसही खाली. कंसातलं वजाचं चिन्हही.
मी म्हटलं, चित्र करून टाकतो, हुबेहूब दिसेल.
म्हणाली, दिसून काय करू? सापडायला हवं.
चित्रात शोधलं की काही सापडत नाही.
अक्षरच दे.

मग रात्रभर चिन्हांच्या तक्त्यात हात घालून बसलो.
₍ ₋ ₎
मिळाले. तळाशी, वाळूत रुतलेल्या तिसऱ्या,
तोंड जरासं किलकिलं.
पण यंत्राच्या फाँटला ते ठाऊकच नव्हते.
कागदावर उमटले तीन रिकामे चौकोन,
खिडक्या बसवायच्या राहिलेला लेबर कॅम्प.

साधाच कंस टाकला तर?
तर वजाचं चिन्ह उठून ओळीत उभं राहतं
आणि पिंपात भलताच माल भरला जातो,
निदान कागदोपत्री.

हर्णैला जैतूनआपाच्या पडवीत
आम्ही डोलत म्हणायचो,
बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु.
जबर वर. जेर खाली.
तिची काडी अक्षराच्या पोटाखाली येऊन थांबायची.
ही तिरकी रेघ दिसली नाय तुला, नुरुद्दीन?
ही गिळलीस तर अर्थ कुठं जाईल, हाय ठावं?
आणि अकराच्या शाळेत गुरुजी फळ्यावर लिहायचे,
जेरीस येणे. वाक्यात उपयोग करा.
मी केला होता:
डिझेलच्या भावाने माझे बाबा जेरीस आले.
दहापैकी आठ.
तो जेर आणि हा जेर एकच,
हे कळायला मला चाळीस वर्षं लागली
आणि हे टेबल, रात्रीचा दीड, अंगात कणकण.

चाचणी म्हणून रुकय्याला पाठवले. ती जागीच असते.
उत्तर आलं, हे कसले खोके धाडतोस, रिकामे?
परवाच्या खोक्यातपण खजूर कमी होता.

हसलो. मग कंसांच्या मधे एक शब्द लिहून पाहिला.
₍ताप₎
दोन्हीकडे बुटके कंस
आणि मधे ताप, पुऱ्या उंचीचा, छाती काढून.
आमच्या लिपीला खाली बसताच येत नाही.
ती दोरीला टांगलेली, हर्णैच्या बोंबलांसारखी,
डोकी एका रेषेत, खाली नुसता वारा.
खाली जातो तो उकार, नाहीतर
मोडलेला पाय.
हळू आवाजात लिहायची सोय नाही.

शब्द खोडला. कंस तेवढे गेले.
परत खोके, ती म्हणाली. झोप आता.

तिसऱ्या दिवशी एक फाँट सापडला,
कुणीतरी फुकट ठेवलेला, वजाचं चिन्ह केसभर वर,
ते मी हाताने खाली ओढलं.
लुबनाने शोधाच्या चौकटीत टाइप केलं
आणि चाळीसच्या चाळीस पिंपं पडद्यावर उजळली.
ठीक, म्हणाली. बिलावर सही करताना
तिने नावाखालचे दोन ठिपके विसरून
परत मागे येऊन दिले.

ईदला भाच्याने रुकय्याचा फोन बदलला.
जुने निरोप वर सरकवत बसली असणार.
रात्री उशिरा एक ओळ आली:
अरे, ते खोके नव्हते. कंस होते.
आत काय होतं?

मी बराच वेळ ते चिन्ह बघत राहिलो,
तिचं प्रश्नचिन्ह,
ओळीवर सरळ उभं, पायाखाली एक ठिपका.
मग लिहिलं, काही नाही,
उतरला.