सहा इंच

लक्ष्मीपुरीत तयार मिळतात, पण दीड फुटी,
आणि यशोधनच्या पाटावर दीड फुटाला जागा नाही.
पाट म्हणजे खरंच पाट, आईचा, जेवायचा, एक पाय मोडलेला.
त्यावर सात पेडल चिकटवलेत.
एकातून दुसऱ्यात सूर जायचा तर मधे वायर.
मी सुतळीनं मोजलं,
शाळेत नकाशावरची नदी मोजायचो तसं:
चार सहा इंची, एक साडेचार,
आणि एक डिलेच्या पाठीमागून वळसा घेऊन येणारी,
तिला नऊ.

राजारामपुरी, आठवी गल्ली, रात्रीचे साडेदहा.
जिनपाल मामा हुपरीहून आलाय, परवा मोतीबिंदू काढायचाय.
पन्नास वर्षं पैंजणांना घुंगरं डागली त्यानं.
आता दिसत नाही नीट, पण वास येतो.
राळेचा धूर नाकात गेला
आणि तो कॉटवर उठून बसला:
"कोण डाग देतंय?"

मीच, मामा. गिटारची वायर.
"चांदी किती त्यात?"
चांदी नाही. कथील.
"मग वाजतंय कशानं?"

मी वायर सोलत राहिले.
वरचं रबर, खाली तांब्याची जाळी,
ती मोकळी करून पिळायची, एक वेणी घालायची, ही मुकी.
आत पांढरं आवरण, आवरणात केसाएवढ्या तारा, ही बोलकी.
दोघींनी एकमेकींना शिवायचं नाही.
शिवल्या की सगळंच बंद.
आणि मुकीनं बोलकीला नीट गुंडाळलं नाही
तर स्वयंपाकघरातला फ्रिज गिटारमधून बोलायला लागतो.

पहिले दोन सांधे राखाडी आले,
दाणेदार, रुसून गोळा होऊन बसलेले.
मामानं हात पुढं केला, बोटानं चाचपलं.
"डागाला ऊब देऊ नगंस. धातूला दे.
धातू तापला की डाग आपल्या पायानं पळत येतोय,
मुराळी दिसल्यावर सासुरवाशीण येती तसा."
तिसरा चकाकला, पसरला, बुडाला.
मामानं नखानं टिचकी मारली,
कान लावला.
"ह्यो बसला."

पुढच्या वायरीची दोन्ही टोकं झकास डागली,
मीटर लावला, पीप वाजला,
आणि बघते तर जॅकची टोपी टेबलावर.
ती आधी ओवायची असते.
डाग देण्याआधी. आधी.
मामा एवढा हसला की ठसका लागला.
"शिकाऊ होतो तवा एका नवरीचं पैंजण
मी असंच कडी न ओवता बंद केलंतं.
एका पायात घालून उभी ऱ्हायली ती बोहल्यावर.
कुणाच्या बापाला कळलं नाही.
तिला मातर कळलं."

शनिवारी शाहूपुरीतल्या हॉलमध्ये
तिसऱ्या गाण्याच्या मधोमध आवाज गेला.
यशोधन खाली वाकला, एकेक वायर अंगठ्यानं दाबत,
ताप बघावा तसा.
मागून कुणीतरी ओरडलं, "नाद खुळा!"
त्याला वाटलं, ही शांतता गाण्यातलीच.
मला ठाऊक होतं कुठली.
ती पहिली. राखाडी.
सहा इंच वाया जाऊ नयेत म्हणून
मी ती तशीच टोपीखाली झाकली होती.
टोपी घातली की दिसत नाही कुणाला.

त्यानं ते पेडल वगळलं, नऊ इंची तिथं ताणून लावली,
गाणं पुढं गेलं, एका रंगानं कमी.

घरी मामा एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून जागा.
"वाजलं काय?"
पाच वाजल्या, मामा.
त्यानं पुढचं विचारलं नाही.
हात तेवढा पसरला,
कातड्यात चांदीची भुकटी कायमची बसलेला तो हात,
"आण हिकडं, सहावी."

मी शेगडीएवढा जपून तो लोखंडी दांडा तापत ठेवला,
जुना डाग वितळवून पुसला,
तारा पुन्हा सोलल्या.
आता साडेपाचच इंच उरले होते.
टोपी आधी ओवली.