कारणे नमूद नाहीत

विजयनगरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. पानाला वीस रुपये.
फुलाबाई वायदंडे समोर बसली
तेव्हा मी नाव विचारलं, वय विचारलं,
हात विचारला नाही. तो तिनं आपणच टेबलावर ठेवला,
किल्ल्यांचा जुडगा ठेवावा तसा.

उजवा. अंगठा आहे, करंगळी आहे.
मधलं सगळं हळद पॉलिशच्या ड्रमात गेलं,
मार्केट यार्डात, सहा वर्षांमागं.
डाव्याच्या नखांत अजून पिवळं.
डावा धुवायला उजवा लागतो, म्हणाली.

आधी कागदी दाखला होता, बेचाळीस टक्के.
पैसे येत होते.
मग ऑनलाइन आला, अडतीस.
मधल्या काळात बोटं उगवली नव्हती
एवढं तिलाही ठाऊक, मलाही.
अर्ज केला, हेलपाटे घातले,
आणि समितीनं एका शब्दात कळवलं:
अपात्र.
खाली सही, पेन चालतंय का बघावं तशी.

मी टायपिंगच्या चाळीसला दोनदा नापास झालेला माणूस.
मिनिटाला अडतीस शब्द.
परीक्षक म्हणाले होते, दोनच कमी, पण कमी ते कमी.
हे तिला सांगितलं नाही.
याचिकेत त्याला परिच्छेद नव्हता.

त्या एका शब्दावर तेवीस पानं झाली, इंग्रजीत.
वकीलबाई सांगत गेल्या, मी बडवत गेलो.
शब्दाचं भाषांतरही जोडावं लागलं,
आणि भाषांतर खरं आहे याचं प्रतिज्ञापत्र.
"ह्यात मी कुठं हाय?"
मी पान तीनवर बोट ठेवलं.
वाचता येत नसून ती तिथं बराच वेळ बघत राहिली.

कोल्हापूरच्या एसटीत बाई म्हणून अर्धं तिकीट.
अपंग म्हणून आणखी सुटलं असतं,
पण त्याला चाळीस लागतात.

बोर्डावर एकसष्टावा नंबर. पुकारा झाला जेवणानंतर.
तिनं पदराखालून हात काढून ठेवला होता, तयार.
कुणी बघितला नाही.
बाहेर जिन्यावर वकीलबाईंनी समजावलं,
हे कोर्ट हात मोजत नाही, मावशी.
मोजणाऱ्यांनी नीट मोजला का, तेवढं बघतं.
"मग, मोजलाय का नीट?"
"ते त्यांनी लिहिलंच नाही. म्हणून तर."

दीड पानाचा आदेश.
कारणे नमूद नाहीत, म्हणणे ऐकलेले नाही, निर्णय रद्द.
प्रकरण समितीकडे परत,
आठ आठवड्यांत नव्याने, कारणांसह.

जयसिंगपूर मागं पडल्यावर तिनं विचारलं,
"जिंकलो म्हणायचं का?"
हो म्हटलं.
"आन् पैसं?"
अंकलीचा पूल आला. खाली कृष्णा, एक म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात.
ते आता कारण लिहितील, म्हटलं.
फुलाबाई हसली, पहिल्यांदाच, मोकळी.
"म्हंजी ह्या खेपेला न्हाई म्हणायचं तर
बसून लिवाय लागंल त्यास्नी."

मंगळवारी सकाळी टपरीवर आली.
आदेशाच्या तीन झेरॉक्स काढल्या.
एक समितीला, एक सिव्हिलला.
तिसरी कुणाला, मी विचारलं.
"घरी," म्हणाली. "असू दे."
आणि डाव्या हातानं चिल्लर मोजत बसली,
पुन्हा पुन्हा, एक रुपया कमी भरत होता.