हवेची लाइन

अंबडच्या कारखान्यात मी हवेच्या लाइनी तपासतो.
जोडावर साबणाचं पाणी लावायचं,
फुगा आला की समजायचं, इथून गळतेय.
सोळा वर्षं झाली. कान इतका तयार
की कॉम्प्रेसर दम कधी खाणार ते आधी कळतं.

आणि घरी, सिडकोतल्या आमच्या एका खोलीत,
हातभर अंतरावर रेवती
पत्रा थरथरावा अशी घोरायची
तर मी म्हणायचो, दमलीय पोर, गाढ झोपलीय.

आत्या म्हणाली, मुलीच्या जातीला हे बरं नव्हे,
बाहेर बोलू नका, पुढं स्थळं यायचीत.
रेवतीला तेव्हा सहावं लागलं होतं.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, चुळबुळ फार,
फळ्यावरचं उतरवताना मध्येच हरवते.
आम्ही तिला रागावलो.
गादी ओली झाली तेव्हाही रागावलो.
हे इथं लिहितोय, कारण दवाखान्याच्या फॉर्मवर
त्यासाठी रकाना नव्हता.

डॉक्टरांनी घशात टॉर्च मारली.
दोन टॉन्सिल, भिजल्या सुपाऱ्यांसारखे,
मधे बोटही जाणार नाही एवढी फट.
पण म्हणाले, नुसतं बघून ठरत नाही.
रात्री मोबाइलवर शूटिंग करा.
चेहरा नसला तरी चालेल, छाती दिसू द्या.

निफाडकडची थंडी त्या रात्री घरात शिरली होती.
मी तिचं पांघरूण खाली सारलं,
स्वेटरची बटणं काढली, मोबाइल धरून बसलो
चोरासारखा.
घोरणं. घोरणं.
मग काहीच नाही.
हीच ती शांतता, जिच्यात मी इतकी वर्षं
'झाली एकदाची गप्प' म्हणत कूस बदलायचो.
पण पडद्यावर बरगड्या आत ओढल्या जात होत्या,
पोट वर, छाती खाली,
मशीन चालू आणि लाइनीत हवाच नाही.
अकरा. बारा.
तेराला ती दचकली, मान मागं टाकली,
आणि पत्रा पुन्हा थरथरू लागला.

मग गंगापूर रोडवरची एक रात्र.
नसीमताईंनी केसांत चिकट मलम लावून तारा जोडल्या,
नाकाखाली नळी, बोटाला लाल दिवा.
रेवतीनं विचारलं, झोप नाही आली तर नापास?
इथं कुणी पास होत नाही बेटा, ताई म्हणाल्या,
तू आपली झोप.

रिपोर्टात एक आकडा होता. तासाला चौदा.
मोठ्या माणसात याला सौम्य म्हणतात,
डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा मुलीत तीव्र.
चौदा गुणिले नऊ तास,
गुणिले रात्री, गुणिले...
वर्षं कुठून धरायची ते कळेना,
तिथंच सोडलं.

ऑपरेशनला अजून अकरा दिवस आहेत.
काल आत्याला फोन केला.
म्हटलं, रेवती घोरते. सगळ्यांना सांग.
त्यांच्या पोरांचीही छाती बघायला सांग.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.
मी मोजत होतो.