चाऊदू

सकाळचे सहा चाळीस. रान्वा बुटात दगड भरतेय.
टिपलं.
सहा एक्केचाळीस. दगड ओतून पुन्हा भरतेय.
तेही टिपलं.
फोनमध्ये जागा उरली नाही, म्हणून परवा
बोटीच्या मोटारीचे सगळे फोटो पुसले,
हेराल्वुरच्या लग्नाचे पुसले,
आणि एका फार देखण्या मेलेल्या माशाचा.

मार्यून बॅरेंट्स समुद्रात आहे, ट्रॉलरच्या इंजिनखोलीत.
बेचाळीस दिवस, पुढे हवामानाची मर्जी.
जहाजावरचं इंटरनेट म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड.
व्हिडिओ जातच नाही. फोटो अर्धा जातो.
एकदा तिला नुसतं कपाळ मिळालं.
आठवडाभर त्या कपाळावर काढला तिनं.
मग लिहिलं: हसरे फोटो नकोत,
हसताना ती तुझ्याकडे बघत असते.
पाठमोरी पाठव.
आणि आवाज.

म्हणून आवाज.
डांबर फासलेल्या पायऱ्यांवर रबरी बूट,
एकेका पायरीवर दोन्ही पाय, मग विचार, मग पुढची.
वाळवलेला मासा दाढेखाली,
आणि दाढ अजून पुरती आलेली नाही.
मेंढीशी भांडण: तू आत यायचं नाही. नाही म्हणजे नाही.
मेंढीचं म्हणणं त्यात नीट आलेलं नाही.
रात्रीचा श्वास. छपरावरच्या गवतातला वारा त्यात इतका मिसळलाय
की दोनदा उठून मी तिच्या नाकाशी बोट धरलं.

हल्ली ती पावाचा तुकडा डोळ्यांसमोर धरते.
बाबा, हलू नको.
मी हलत नाही.
मग ती माझा फोटो खाऊन टाकते.

मार्चमध्ये पक्षी परतले. काळे-पांढरे, लांब लाल चोचीचे,
कुरणभर रेफरीसारखे शिट्ट्या फुंकत.
आमच्याकडे त्याला चाल्दुर म्हणतात.
रान्वानं खिडकीच्या काचेवर नाक चपटं केलं: चाऊदू!
अकरा सेकंद. त्यात पाच वेळा.
पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं:
कानावर हात दाबून ऐकतेय.
इथे सगळी इंजिनखोली आता चाऊदू म्हणते,
कशालाही. बिघडलेल्या पंपालासुद्धा.

एप्रिलमधला एक मंगळवार. मी बटाटे सोलत होतो,
हात ओले, फोन खिशात.
ती म्हणाली: चाल्दुर.
स्वच्छ. एखाद्या दुकानदारासारखं.
मी म्हटलं, रान्वा, चाऊदू म्हण ना.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मला बोलता येत नाही
आणि हे घरात कुणी तिला सांगितलंच नव्हतं.
मार्यूनला कळवलं नाही.
काय लिहिणार? अकरा सेकंद जपून ठेव,
इथे ते आता मिळत नाहीत?

जहाज क्लाक्सविकला लागलं तेव्हा धुकं गुडघ्यापर्यंत उतरलेलं.
फोन दोन्ही हातांत. बॅटरी भरलेली, जागा रिकामी केलेली,
इतकी तयारी मी लग्नातही केली नव्हती.

घरी येऊन पाहिलं.
एक मिनिट चौदा सेकंद
लालसर अंधार.
माझा अंगठा.

आत आवाज आहेत: साखळी. कुणीतरी कुणाला तरी शिव्या देतंय.
जड बूट येतायत.
छोटे बूट थांबलेत.
बराच वेळ काहीच नाही,
मी कुजबुजतोय, जा ना, जा,
ती जात नाही.
मग वरून एक शिट्टी
आणि मार्यून, घाईघाईनं,
सहा आठवडे तेलकट अंधारात घोकून आणलेलं:
ते बघ, रान्वा, चाऊदू!

चाल्दुर, रान्वा म्हणते.
अगदी सावकाश, परगावच्या बाईला रस्ता सांगावा तसं.
चाल्. दुर.

त्यानंतर मार्यून हसतेय की काय करतेय
ते अंगठ्यातून नीट दिसत नाही.