रामटेकच्या अलीकडे

ताई एक्कावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकली,
तेव्हापासून आमचे रविवार गावाबाहेर पडतात.
फार लांब नाही. शंभराचं पेट्रोल,
आणि भावजी दुपारची झोप काढून उठायच्या आत परत.

गेल्या रविवारी गोरेवाड्याला निघालो होतो,
फुटाळ्यावर भुट्टे खाऊन परतलो.
त्याच्या आधीचा रविवार शेवंतीच्या रोपांत गेला,
सेमिनरी हिल्सच्या उतारावर, भाव करण्यात.
आज मात्र रामटेक. नक्की.

सकाळी सातला कामठी रोडवर गारवा असतो,
नवव्या ठोक्याला कळतं, तो उसना होता.
ऑक्टोबरचं ऊन मग मानेवर बसून सोबत येतं
तिसऱ्या सवारीसारखं.

इंदोऱ्याला तर्री-पोहे.
ताई म्हणते, तर्री कमी टाक रे.
पोरगा हो म्हणतो आणि पळी भरून ओततो.
ती नाक पुसते, डोळे पुसते,
शेवटी पावाशिवाय प्लेटही पुसते.

कन्हानच्या पुलावर तिनं गाडी हळू केली.
नदीनं गढूळपणा खाली बसवला होता.
काठाला कास फुललेलं, पांढरं,
आमच्या दोघींच्या भांगासारखं, असं मी म्हटलं.
तुझ्या, ती म्हणाली. मी मेंदी लावते.

मनसरच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

पंक्चरवाला बाजेवरून न उठताच बोलला,
"घंटा-दीड घंटा लागन बाई,
पोरगं ट्यूब आणाले गेलं हाये."
ताईनं हेल्मेट काढलं,
त्यातून कपाळाची टिकली निघाली, ती आरशाला लावली.

रस्त्यापलीकडे तळं.
पाणी दिसतच नव्हतं, नुसता शिंगाड्याचा वेल,
आणि त्यातून एक माणूस लोखंडी डोंगी रेटत होता,
एका हातानं पानं उलटत,
जसं कोणी झोपलेल्या पोराचं पांघरूण चाचपतं.
काठावर अनसूयाबाई मौंदेकर
तीन दगडांवर पिंप उकळत होत्या.
"उन्हात काहून उभ्या? या ना, बसा."

बसलो.
काळे, गरम, दोन शिंगांचे.
दातानं फोडायचे, जिभेला टोचू द्यायचे,
मग आतला पिठूळ, मातीची चव असलेला गोडवा.
किती वेळ कोणीच काही बोललं नाही.

मग ताई एकदम म्हणाली,
भुलाबाईच्या महिन्यात तू खाऊ कधीच ओळखायची नाहीस.
कानाशी डबा वाजवायचे, तू म्हणायची चिवडा,
निघायचे लाडू.
मी म्हटलं, आणि तू दर वेळी बरोबर.
ती शिंगाड्याचं टरफल निरखत राहिली.
"मी आधी मागच्या दारानं
सगळ्यांची स्वयंपाकघरं पाहून यायची."

त्रेचाळीस वर्षं!
त्रेचाळीस वर्षं मी हिला हुशार समजत होते.
इतकी हसले की अनसूयाबाईंनी पाणी आणून दिलं,
डोंगीतला माणूस वळून पाहू लागला.

तिथून गड दिसत होता.
टेकडीवर पांढरे ठिपके, उन्हात हलणारे.
ताईनं बसल्या बसल्या हात जोडले,
बोटं काळी, कोपराला चिखल.

निघताना तिनं डबा भरून घेतला,
माझ्या कानाशी आणून हलवला.
ओळख.
मी कान लावला. काही म्हणजे काही वाजेना.
गच्च भरलेला होता.

परतताना कामठीला ऊन उतरलं,
पुढच्या सीटवरून ती ओरडली, वारा अर्धं घेऊन गेला,
"...रविवारी काटोल! ...संत्री आली असतील!"
आणि रामटेक? मीही ओरडले.

सिग्नलला गाडी थांबली.
तिनं आरशात पाहिलं, टिकलीच्या बाजूनं, माझ्याकडे.
"रामटेक कुठी पळून जाते?"